शेपटीच्या टोकाचे दोन तारे

राजेशम मामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दैनिकाच्या कार्यालयात. दुपारची वेळ होती, पानं लागायला अवकाश होता. साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस काखेत कापडाची गुंडाळी घेऊन आला आणि म्हणाला, "चुकीची दुरुस्ती कोण छापतं हितं?"

आदल्या दिवशीच्या अंकात काही चुकलं असेल, असं समजून मी त्यांना बसवलं. चूक आमची नव्हती, त्यांची होती. त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र होतं, गडद निळ्यावर पांढरे तारे आणि ताऱ्यांना जोडणारी रेघ. वृश्चिक रास. मामा म्हणाले, "हा विंचू उलटा झाला. शेपटी डावीकडं वळायला पायजे, ही उजवीकडं वळली. चाळीस नग विकून गेले. कुणाच्या घरी गेले मला ठाऊक न्हाई. तुमी एवढंच छापा, की ज्यांच्याकडं हे हाय त्यांनी मागची बाजू पुढं करून लावावं. रंग उलटे दिसतील, पण विंचू बरोबर दिसंल."

वृत्तसंपादक हसले. दुरुस्ती छापली गेली नाही. ती चूक झाली कशी, हे विचारायला मी दोन दिवसांनी सोलापूरच्या पूर्व भागातलं त्यांचं घर शोधत गेलो. पुढची नऊ वर्षं जात राहिलो.

त्यांच्या कामाच्या खोलीत त्याच चित्राचा एक नग होता. भिंतीवर, मागची बाजू पुढे करून. पांढऱ्या जमिनीवर निळे ठिपके आणि सगळीकडे लोंबणारे सुटे धागे. नवा माणूस हे त्यांच्या लक्षात आणून देई. मामा काम न थांबवता म्हणत, "माहीत हाय की. सुलट बाजूनं ते खोटं हाय."

काम म्हणजे जेकार्डचे पत्ते. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटीच्या कागदावर उतरतं. मग कागदाच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याची एकेक पट्टी घेऊन तिच्यात भोकं पाडतात. तिला पत्ता म्हणतात. भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो, नसेल तिथला राहतो. शेकडो पत्ते माळेसारखे ओवले की एक नक्षी होते. एक भोक चुकलं, तर त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी डाग येतो. मामा कागदही रंगवत आणि भोकंही पाडत. घरची भाषा तेलुगू, शाळा नववीपर्यंत, अक्षराचं वळण छापल्यासारखं.

आकाश त्यांना भारनियमनानं दाखवलं. वीज गेली की माग थांबत, कामगार गच्चीवर येत, आणि पूर्व भाग सगळा काळा होई. अशाच एका उन्हाळ्यात त्यांना दक्षिणेला आकड्यासारखी वळलेली ताऱ्यांची ओळ दिसली. ते सांगत, "मला वाटलं, कुणीतरी एक पत्ता कापून दिव्यासमोर धरलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ओळ चौकटीच्या कागदावर उतरवली. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर नकाशा मिळाला, वाचनालयात पुस्तकं मिळाली. वृश्चिक हे नाव त्यांना नंतर कळलं.

त्यांनी अभ्यास एवढ्या एकाच राशीचा केला. सिंह किंवा मीन यांच्याबद्दल कुणी विचारलं तर शिंप्यानं दुसऱ्याचं गिऱ्हाईक परत पाठवावं तसं म्हणत, "ती माझ्याकडं न्हाई." बाराच्या बारा का नाही, असं मी एकदा विचारलं. "एक नीट बघून होऊ द्या की," ते म्हणाले. ती कधी बघून झाली नाही. म्हणूनच एका कापडाच्या व्यापाऱ्यानं बारा राशींची चित्रं विणून मागवली तेव्हा मामांनी एकच रास घेतली. उरलेल्या अकरा दुसऱ्या माणसानं कॅलेंडरवरून काढल्या.

आणि त्या एकीतच चूक झाली. ते कापड मागावर पालथं विणलं जाई, म्हणून नक्षी पत्त्यांवर आधीच उलटी घ्यावी लागे. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते, आकाशाच्या नकाशात डावीकडे, कारण तो डोक्यावर धरून पाहायचा असतो. मामांनी नकाशा समोर ठेवला, पूर्व डावीकडे दिसली, आणि सवयीनं ते धरून चालले की हा मागासाठी उलटवलेलाच आहे. त्यांनी तो पुन्हा उलटवला नाही. "डोळ्याला माहीत होतं," ते म्हणाले, "हाताला न्हवतं." व्यापारी म्हणाला होता, "मामा, विंचू कुठंबी वळू दे. घेणारा काय मान वर करून ताडून बघणार हाय?" मामांना हे पटलं नाही. म्हणून ते गुंडाळी घेऊन आमच्या कार्यालयात आले होते.

संध्याकाळी गच्चीवर ते असत आणि बहुधा हमीदभाई असत. हमीदभाई माग दुरुस्त करणारे. दोघांनी एकाच शेडमध्ये वीस वर्षं काढली होती. मामा विंचवाच्या गोष्टी सांगत त्या अशा, की जणू एकाच माळेवर निरनिराळ्या गावच्या विणकरांनी निरनिराळं सूत चढवलं आहे. बाबिलोनच्या लोकांनी शेताच्या हद्दीच्या दगडांवर विंचू कोरला. ग्रीकांच्या गोष्टीत एक शिकारी पृथ्वीवरचं एकूण एक जनावर मारीन म्हणाला, तेव्हा पृथ्वीनं त्याच्यावर हा विंचू सोडला. चिनी लोकांना इथे विंचू दिसलाच नाही. त्यांचा तो ड्रॅगन, आणि मधला लाल तारा त्याचं काळीज. समुद्रातल्या बेटांवरच्यांना मासे धरायचा गळ दिसला. त्या गळानं म्हणे त्यांनी समुद्रातून जमीनच ओढून काढली. "ज्याच्या घरात जे असंल ते," मामा म्हणत. "भोकं तीच. आपण असतो तर आपण मागाचा धोटा म्हणालो असतो."

त्यांचा सगळ्यात आवडता भाग नांग्यांचा होता. विंचवाला पूर्वी पुढे दोन लांब नांग्या होत्या. नंतर त्या कापून त्यांची वेगळी रास केली, ती तूळ. पण तिथल्या ताऱ्यांची अरबी नावं अजून नांगीचीच आहेत. "व्यापाऱ्यानं विंचवाचे हात तोडून तराजू केला," मामा म्हणत आणि हमीदभाईंकडे बघत, कारण हमीदभाईंचा मुलगा नव्या पेठेत कापडाच्या दुकानात होता.

हमीदभाईंकडे स्वतःचा विंचू होता, उर्दूतला अक्रब. "हमारी जंत्री में बी है ना मामा. चाँद अक्रब में आया तो निकाह नक्को, सफर नक्को."

"मग तुमचा निकाह कधी झाला?"

"अक्रब मेंच हुआ होंगा! जबीच तो," हमीदभाई म्हणाले आणि मामांची बायको जिन्यानं येताना बघून आवाज खाली आणला, "भाभी आरे उप्पर. अब कुछ नक्को बोलो."

एकदा शेडमध्ये सुताच्या गाठोड्याखालून खरा विंचू निघाला. हमीदभाईंनी चप्पल उचलली. मामांनी त्यावर रिकामा डबा पालथा घातला, कामगारांना थांबवलं आणि डब्याखाली काच सरकवून डबा सुलटा केला आणि काचेतून बघत विंचवाचं चित्र काढायला बसले. कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमच्या राशीचा पावना आला, च्या पाजा!" मामांनी नांगी ते शेपूट मोजमाप घेतलं, मग विंचू लांब मोकळ्या जागेत सोडून आले. त्यांची रास वृश्चिक नव्हती. कोणती होती, हे मला नऊ वर्षांत कळलं नाही.

मूळ नक्षत्राबद्दल ते गच्चीवर फारसं बोलत नसत. याचं कारण मला उशिरा समजलं.

विंचवाच्या शेपटीच्या अगदी टोकाला दोन तारे एकमेकांना खेटून आहेत. ते आणि शेपटीतले शेजारी मिळून मूळ. पंचांग मुळाला धनु राशीत धरतं, आकाशात मात्र ते विंचवाच्या शेपटीत असतं. "राहायला विंचवाकडं, रेशनकार्ड धनूचं," असं मामा एकदा म्हणाले होते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, असं मानणारी घरं आजही पुष्कळ आहेत. मामांची एकुलती एक मुलगी पद्मा मूळ नक्षत्रावर जन्मली होती. जन्मवेळ मामांनी स्वतः प्रसूतिगृहातल्या घड्याळावरून लिहून घेतली होती. मूळ संपायला तेव्हा एक तासही उरला नव्हता.

पद्मा वडिलांचंच काम करत असे, पण संगणकावर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती नक्षी तयार करी, आणि तिथे पत्ते लागतच नसत. मामा तिचं काम बघायला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "भोक न पाडता धागा उचलतो. चांगलं हाय. पण चुकलं तर हातात काय धरायचं?" त्याच कारखान्यात श्रीनिवास होता. दोघांचं ठरलं होतं. जातीचा, ओळखीतला मुलगा. अडचण एवढीच, की श्रीनिवासचे वडील सत्तय्या पंचांग बघितल्याशिवाय घरात मागही बसवत नसत. त्यांची टॉवेलांची छोटी शेड होती, आणि त्यांच्या छातीत एक स्टेंट होता. पद्माची याआधीची दोन स्थळं मूळ ऐकून परत गेली होती.

पद्माची आई मल्लम्मा यांनी भावाकरवी दुसरी पत्रिका करून घेतली. जन्मवेळ एका तासानं पुढे गेली, नक्षत्र पूर्वाषाढा झालं. मामा चिडले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचे तारे तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोरीचं लगीन होऊ द्या." पद्मानं श्रीनिवासला खरं सांगितलेलं होतं. श्रीनिवास म्हणाला होता, माझी हरकत नाही, वडिलांना तेवढं कळू देऊ नका. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या जिवाबद्दलची समजूत होती, त्या माणसाला सोडून.

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मी साखरपुड्याला गेलो होतो, एवढंच. पन्नासेक माणसं, स्टीलच्या पेल्यांतून सरबत. सत्तय्या ठेंगणे, मोठ्या आवाजाचे, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारे. पत्रिका त्यांच्या हातात होती. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कागद काय, कुणीबी लिहितं. आमचे बावा ताऱ्यांचा माणूस हाय. बावा, तुमी सांगा. पोरीचं नक्षत्र कुठलं?" तेलुगू घरांत व्याही एकमेकांना बावा म्हणतात.

मामा म्हणाले, "पूर्वाषाढा."

सत्तय्यांनी त्यांना मिठी मारली. मला उत्तरात काही खटकलं नाही; फक्त एक गोष्ट लक्षात राहिली. कुठल्याही ताऱ्याबद्दल विचारल्यावर मामा दहा मिनिटांच्या आत थांबत नसत. त्या दिवशी त्यांनी एकच शब्द उच्चारला आणि सरबताचे पेले गोळा करायला निघून गेले.

लग्नानंतर आठ दिवसांनी मामा पहाटे साडेपाचला सत्तय्यांच्या दारात उभे राहिले. डॉक्टरांनी सत्तय्यांना चालायला सांगितलं होतं आणि ते चालत नव्हते. त्या दिवसापासून दोघं रोज जवळच्या मैदानाला फेऱ्या मारू लागले. मीही तिथेच फिरायला जात असे, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. सत्तय्या पुढे, बोलत. मामा अर्धं पाऊल मागे, त्यांच्या श्वासाकडे कान देऊन. सत्तय्या थांबले की मामा थांबत. मैदानाबाहेर भज्यांची गाडी लागे. सत्तय्या तिकडे वळले की मामा मधे येऊन उभे राहत.

"बावा, दोनच."

"एक बी न्हाई."

"तुमी मुलीकडचे की हो! मुलीच्या बापानं असं बोलायचं का व्याह्याला?"

"तेल उद्याच्याला बी असंल. तुमी असायला पायजे."

मैदानातले लोक हसत. सत्तय्यांना लोकांनी नाव ठेवलं, 'पहाऱ्यातले'. मामांच्या खिशात तीन पेनांच्या जोडीला सत्तय्यांच्या गोळ्यांची डबी आली. गोळ्यांच्या वेळा त्यांनी चौकटीच्या कागदावर रंगवल्या होत्या. घेतली की त्या चौकटीत भोक. सत्तय्यांना साधा खोकला झाला तरी मामा रिक्षा घेऊन दारात. हमीदभाई म्हणाले, "मामा, तुम बेटी दिए की खुद गए उनके घर?" मामा हसले नाहीत.

चार वर्षं हे चाललं. याच काळात त्यांचे पत्ते कापण्याचं काम संपलं. शेवटची माळ ओवून दिली त्याची त्यांनी बातमी होऊ दिली नाही. त्यांच्या दिवसात आता एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही.

पाचव्या वर्षी, गणपती बसायच्या आधी, सत्तय्यांना बायपास सांगितली. शस्त्रक्रिया सकाळी होती. आदल्या संध्याकाळी भेटीच्या वेळेत मामा त्यांच्याजवळ बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिथे काय झालं ते मला मामांनी सांगितलं, आणि नंतर वेगळं विचारल्यावर सत्तय्यांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एकच फरक आहे, तो पुढे देतो. ते तेलुगूत बोलले. मी मराठीत लिहितो आहे.

सत्तय्या घाबरले होते. घाबरले की ते जास्त बोलत. त्यांनी मामांचा हात धरला आणि म्हणाले, "बावा, तुमची पोरगी घरात आली तवापासून मी धड हाय. तिच्या पायगुणानं एवढी वर्षं निघाली. उद्याचं बी निघंल."

मामा उठून खिडकीशी गेले. खिडकी दक्षिणेला होती. ढग होते, काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी काचेवर एका जागी बोट टेकवलं.

"तिथं विंचवाच्या शेपटीचं टोक हाय," ते म्हणाले. "दोन तारे. लोक त्याला भितात. पण फार जुन्या मंत्रांत त्या दोघांना सोडवणारे म्हणलंय. आजाऱ्याच्या अंगावरचे फास सोडवणारे. ते दोन उगवले की आजारी माणसासाठी मंत्र म्हणायचे."

"बरं हाय की मग," सत्तय्या म्हणाले.

"त्यालाच मूळ म्हणतात," मामा म्हणाले. "पद्मा मुळावर जन्मली. पूर्वाषाढा मी खोटं सांगितलं."

फरक इथे आहे. मामांच्या म्हणण्याप्रमाणे सत्तय्या बराच वेळ गप्प होते. सत्तय्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी लगेच विचारलं. विचारलं ते दोघांनीही सारखंच सांगितलं.

"म्हणून येत होता व्हय रोज पहाटे? माझ्यासाठी येत होता, का मुळासाठी?"

मामा म्हणाले, "आधी मुळासाठी. मग कधी बदललं, ते लिहून ठेवलेलं न्हाई."

सत्तय्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वेळ संपल्याची घंटा झाली आणि मामा बाहेर आले.

घरी कळल्यावर मल्लम्मा म्हणाल्या, "उद्या त्यांना काही झालं तर माझ्या पोरीला तोंड दाखवायला जागा राहील का? चार वर्षं गप्प होता, आणखी एक रात्र गप्प राहता आलं न्हाई?" मी मामांना दोन आठवड्यांनी तेच विचारलं. ते म्हणाले, "मुळाला मी मानत न्हाई. पण तो मानत होता, आणि त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. जीव त्याचा. त्याला माहीत पायजे होतं, मग त्यानं हो म्हणावं, न्हाई म्हणावं. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. वर पायगुण म्हणाला. ते ऐकून घेऊन त्याला आत कसा जाऊ देऊ?"

सकाळी सत्तय्यांना नेताना सगळे दारात उभे होते. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही. चष्मा काढून पद्माच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्यापाशी ठेव. दुसऱ्या कुणी पुसला की चरे पडतात." पद्मा सांगते, तिला एवढं पुरलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. सत्तय्या घरी आले. पद्माला कुणी एक शब्द बोललं नाही. मामा मात्र त्यांच्या आयुष्यातून बाहेर गेले. ते दोनदा दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा सत्तय्या झोपल्याचं सांगण्यात आलं. पद्मानं शेवटी वडिलांना सांगितलं, "नायना, तुम्ही येऊ नका. त्यांचा तुमच्यावरचा राग मुळाचा नाहीच. चार वर्षं आपल्याला दोस्त मिळाला असं ते लोकांना सांगत होते. आता कुणाला तोंड दाखवू म्हणतात."

मामा पहाटे मैदानात येत राहिले. एकटे. फेऱ्या तेवढ्याच. अर्धं पाऊल मागे चालायची सवय गेली नव्हती; पुढे कुणी नसताना ते तसेच, जरा कडेनं चालत. गोळ्यांची डबी खिशात होती. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरात विंचू सूर्याच्या आड गेला, जानेवारीत पहाटे पूर्वेला परत वर येऊ लागला. मामा त्याच्याकडे बघत नसत, किंवा मी असताना तरी बघत नसत. एकदा मी विषय काढला. ते म्हणाले, "त्याचं काही चुकलं न्हाई."

माझी बदली झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं. सोलापूर सोडल्यावर मामांना मी पुन्हा पाहिलं नाही. ते गेले तेव्हाही मी दुसऱ्या शहरात होतो. पद्मानं हे लिहायला हरकत घेतली नाही. मला आठवतो तो दिवस सोलापूर सोडण्याच्या आधीच्या आठवड्यातला आहे.

पहाटे साडेपाच. थंडी होती, आकाश स्वच्छ. मामा फेरी मारत होते. मी दगडी कठड्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो. फाटकापाशी रिक्षा थांबली आणि सत्तय्या उतरले. ते पुष्कळ वाळले होते. मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेला, एक हात छातीवर. डॉक्टरांनी त्यांना मैदानात चालायला परवानगी देऊन महिना झाला होता, हे मला पद्माकडून माहीत होतं. तो महिना ते घरासमोरच्या बोळात चालले होते.

मामा थांबले. सत्तय्या त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. एवढी तेलुगू मला कळत होती.

"कुठं हाय ते?" सत्तय्यांनी विचारलं.

"काय?"

"मूळ. दाखवा."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मैदानावरचा दिवा डोळ्यांवर येत होता. त्यांनी सत्तय्यांना कोपराला धरून भिंतीच्या सावलीत नेलं आणि दोन्ही खांदे धरून आग्नेयेला तोंड करून उभं केलं. "तो लाल दिसतो तो सोडा. तिथनं खाली या. आणखी खाली. आकडा वळतो. वळून संपतो तिथं दोन हायत, जवळजवळ. एक मोठा, एक बारका."

सत्तय्यांनी चष्मा काढला, मफलरनं पुसला, पुन्हा लावला. ते बराच वेळ बघत राहिले. बघताना त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

"ह्याला मी भ्यालो असतो?"

"तुमी न्हाई," मामा म्हणाले. "मी भ्यालो."

सत्तय्या आणखी थोडा वेळ वर बघत राहिले. मग वळले आणि फेरीच्या वाटेला लागले. मामा जागीच उभे राहिले. वीसेक पावलांवर सत्तय्या थांबले.

"चला की."

"आता कशासाठी?"

"कशासाठी न्हाई," सत्तय्या म्हणाले. "उगीच."

मामा गेले. सव्वासहाला ते दोघं मैदानाच्या पलीकडच्या कडेला होते. उजाडायला लागलं होतं आणि तारे दिसेनासे झाले होते. सत्तय्यांचा आवाज एवढ्या लांबूनही ऐकू येत होता; ते मामांना भज्यांच्या गाडीबद्दल काही सांगत होते.